राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने

२९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधल्या कुट-अल-अमारा या गावात ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेच्या सहाव्या डिव्हिजनने तुर्कांसमोर शस्त्रं खाली ठेवली. टायग्रिस नदीच्या वळणात अडकलेल्या या फौजेने १४७ दिवस वेढा सोसला होता. कैद झालेल्यांचा आकडा १३,०००च्या आसपास. त्यात शिपाई होते, तसेच भिस्ती, आचारी, खेचरवाले आणि डोलीवालेही होते. या डिव्हिजनचं अधिकृत नाव पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ अशा क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या, म्हणजे देशावरचे आणि कोकणातले मराठे, सोबत काही दख्खनी मुसलमान. बाकी पंजाबी, राजपूत, गुरखे आणि डॉर्सेट, नॉरफक अशा इंग्लिश परगण्यांच्या गोऱ्या पलटणी.

शाळेत आपण पानिपत घोकलं, कुट कुणी शिकवलं नाही. तसं पाहिलं तर दोन्हींत बरंच साम्य आहे. घरापासून फार लांब गेलेली फौज, तुटलेली रसद, वाट बघायला लावणारी मदत, शेवटी उपासमार. पण पानिपताबद्दल चहाच्या टपरीवरही कुणी ना कुणी मत देईल, आणि कुट हे गावाचं नाव आहे हेसुद्धा आधी सांगावं लागतं.

लढाईचा इतिहास सांगणं हा इथे हेतू नाही, तो इंग्रजीत भरपूर लिहिला गेलाय. मला बघायचंय की या डिव्हिजनबद्दल कोणी, कशा भाषेत लिहिलं, आणि त्या लिखाणात शिपाई नावाचा माणूस कुठे सापडतो का. त्यातही एक शब्द मला पुन्हा पुन्हा अडतो: स्वेच्छा. इंग्रजी पुस्तकांत हिंदी फौजेचा उल्लेख आला की ती जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी फौज होती हे वाक्य बहुधा येतंच. आपणही ते अभिमानाने फॉरवर्ड करतो.

सुरुवात सेनापतीपासून करू. मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. त्यांचं 'माय कॅम्पेन इन मेसोपोटेमिया' हे पुस्तक १९२० साली आलं. युद्ध, कैद आणि बदनामी या तिन्हींतून बाहेर पडल्यावर लिहिलेलं. वाचायला घेतलं की आधी युद्धशास्त्राची तत्त्वं येतात, मग नेपोलियन येतो, आणि नेपोलियन नंतरही जात नाही. मजकुरातली माणसं रायफलींत मोजलेली असतात. अमुक ब्रिगेडकडे इतक्या रायफली, घोडदळाकडे इतक्या तलवारी. अधिकारी नावाने येतात, गोऱ्या पलटणी परगण्याच्या नावाने येतात, हिंदी पलटणी बहुतेक वेळा नुसत्या आकड्याने. '११०वी पुढे सरकली.' कोण सरकलं? खटाव तालुक्यातला की खेडचा, ते या व्याकरणात बसतच नाही.

आता हे एकट्या टाउनशेंडचं पाप नाही. डिव्हिजनचा इतिहास हा एक स्वतंत्र साहित्यप्रकारच आहे आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. नकाशावर बाण, बाणांना क्रमांक, प्रकरणाच्या शेवटी जखमी आणि मृतांचा तक्ता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या हिंदी डिव्हिजनांवर सरकारने 'द टायगर ट्रायम्फ्स' नावाचं पुस्तक काढलं, त्याचाही साचा हाच, फक्त सूर जास्त आनंदी. या प्रकाराला वाचनीयता नाही असं मी म्हणणार नाही. उलट त्याची एक झिंग असते, स्ट्रॅटेजी गेम खेळताना चढते तशी. वरून बघण्याची झिंग. अडचण ही, की वरून बघितलं की सगळे स्वखुशीनेच चालताना दिसतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम नावाचा दस्तऐवज लिहितो. नियम असा, की कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही, काय घडलं ते वेळेनुसार लिहायचं. टाउनशेंडचं पुस्तक म्हणजे या प्रकाराचा उलटा अवतार: वेळा अचूक, आणि दोष सगळ्यांचा, लेखक सोडून. वरिष्ठांनी बगदादकडे ढकललं (यात तथ्य आहे), वाहतुकीला बोटी पुरवल्या नाहीत (यातही आहे), सुटकेला आलेली फौज वेळेत पोचली नाही, आणि हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं नाही.

या शेवटच्या दोन मुद्द्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण पुस्तकाची शिवण तिथे उसवते.

नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन इथे मोठी लढाई झाली. डिव्हिजनचे ४,०००हून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. माघार घेत फौज ३ डिसेंबरला कुटला आली आणि चार दिवसांत वेढली गेली. टाउनशेंडनी बाहेर कळवलं की गोऱ्यांना पुरेल असं अन्न साधारण महिन्याभराचं आहे, हिंदी लोकांचं त्याहून जास्त. हे ऐकून सुटकेची फौज जानेवारीतच, पुरेशी तयारी न होता, चिखलात आणि पावसात तुर्की खंदकांवर धडकली. मागाहून कुट गावातल्या घरांची झडती घेतली तेव्हा धान्य निघालं, घोडे आणि खेचरं होतीच, आणि फौज एप्रिलअखेरपर्यंत तगली. म्हणजे पहिला हिशेब चुकीचा होता. त्या चुकीच्या हिशेबावर धावलेल्या सुटकेच्या फौजेने चार महिन्यांत सुमारे २३,००० माणसं गमावली किंवा जखमी करून घेतली. तेरा हजारांना सोडवण्यासाठी तेवीस हजार, आणि तेरा हजार सुटले नाहीतच. या आकड्यांवर पुस्तकात जितकी शाई खर्च व्हायला हवी तितकी होत नाही.

घोड्याच्या मांसावर मात्र होते. वेढ्यात गोऱ्या शिपायांनी ते लवकर खायला सुरुवात केली. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही शिपायांनी नकार दिला. भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे स्कर्व्ही पसरला, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. शेवटी बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली. ती आली तरी महिनोन्‌महिने बहुतेकांनी हात लावला नाही. एप्रिल उजाडल्यावर, राशन अगदी मुठीवर आल्यावर हजारोंनी खाल्लं. सेनापतीचा निष्कर्ष असा, की हे आधी झालं असतं तर वेढा आणखी लांबवता आला असता.

पण शिपाई काय म्हणत होते? घरी गेल्यावर जात वाळीत टाकेल, पोरींची लग्नं होणार नाहीत. इंग्रज लेखक हे कारण नोंदवतात आणि अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून पुढे जातात. मराठी वाचकाला पुढे जाता येऊ नये. उपाशी मरायला टेकलेला माणूस तीन हजार किलोमीटरवरच्या गावकीला इतका घाबरतो, की सेनापतीचा हुकूम, डॉक्टरचा सल्ला आणि धर्मगुरूची चिठ्ठी यांपैकी काहीच चालत नाही. गावाची सक्ती लष्कराच्या सक्तीपेक्षा मोठी होती. आणि ज्या माणसावर गावाची एवढी सत्ता चालते, तो गावातून पलटणीत 'स्वेच्छेने' आला, हे वाक्य आपण कसं काय इतक्या सहज वाचतो?

याच वेढ्यातली एक गोष्ट तपशील म्हणून इतिहासांत येऊन जाते. शेवटच्या आठवड्यांत विमानांतून कुटवर अन्न टाकलं गेलं, वेढलेल्या फौजेला हवेतून रसद पोचवण्याचा हा सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. त्याआधी धान्य दळायला साधन नाही म्हणून विमानातून जात्याचे दगडही टाकले होते. इंग्रजी लेखकाला यात विमानविद्येचं कौतुक दिसतं. मराठीत जातं म्हटलं की लगेच ओवी आठवते, आई आठवते, पहाट आठवते. या एका वस्तूवर आपल्याकडे आख्खी कथा लिहिली जायला हवी होती.

सक्तीबद्दल कायदा काय म्हणत होता तेही बघू, कारण त्यात एक विनोद आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लष्करी सेवा सक्तीची झाली ती गोऱ्यांसाठी. १९१७च्या इंडियन डिफेन्स फोर्सच्या कायद्याने इथल्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांना नाव नोंदवणं बंधनकारक केलं, हिंदी माणसांना ते ऐच्छिक ठेवलं. खुद्द ब्रिटनमध्ये सक्तीचा कायदा जानेवारी १९१६मध्ये झाला, म्हणजे कुटचा वेढा चालू असतानाच. आणि समोर खंदकात बसलेली उस्मानी फौज तर पूर्णच सक्तीची. ऑगस्ट १९१४मध्ये त्यांच्याकडे सर्वसाधारण भरतीचा हुकूम निघाला होता. टेसिफॉनला जे तुर्की डिव्हिजन उभे होते त्यांत ३५वा आणि ३८वा यांत बरेचसे इराकमध्येच ओढून आणलेले अरब शेतकरी होते, ४५वा आणि ५१वा अनातोलियातल्या खेड्यांतून आलेले. त्या भरतीचा तुर्की शब्द सेफेरबेरलिक. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनच्या बोलीत तो 'सफरबरलिक' झाला आणि त्याचा अर्थच बदलला: भरती, दुष्काळ, टोळधाड, हरवलेले बाप, सगळं मिळून जे काही आलं ते. तिथल्या आज्या तो शब्द एखाद्या साथीच्या रोगासारखा वापरत. त्यावर गाणी आहेत, सिनेमे आहेत.

कागदावर बघितलं तर स्वखुशीने आलेली पूना डिव्हिजन सक्तीने आणलेल्या शेतकऱ्यांशी लढली आणि हरली. वाङ्मयाच्या बाजूने बघितलं तर ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांना त्या सक्तीसाठी एक शब्द मिळाला. ज्यांनी 'स्वतःहून' जायचं ठरवलं त्यांना रडायलाही जागा उरली नाही, कारण तक्रार कुणाविरुद्ध करणार?

राजीखुशी. हा शब्द मी मुद्दाम घेतोय. जमिनीचे जुने दस्त बघितलेत का कधी? शेवटी ठरलेलं वाक्य असतं, की हा दस्त मी राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहून दिला. खाली अंगठा. मी सारसोळ्यात राहतो. हे नेरुळच्या खाडीकाठचं जुनं आगरी-कोळी गाव, आता सेक्टर आणि प्लॉट नंबरांच्या मध्ये सापडलेलं. नवी मुंबई उभी राहिली ती अशा ९५ गावांच्या जमिनींवर, आणि संपादन, संमती, मोबदला हे शब्द इथल्या जुन्या लोकांशी बोलताना जपून वापरावे लागतात. जानेवारी १९८४मध्ये याच जमिनींच्या प्रश्नावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईत आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि साडेबारा टक्क्यांची योजना त्यानंतर आली. तेव्हा सही कागदावर असणं आणि ती करणाऱ्याने मनापासून हो म्हटलेलं असणं यांत किती अंतर असू शकतं, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पलटणीच्या भरतीच्या कागदावरचा अंगठाही मी तसाच वाचतो.

शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. फुकट शिधासुद्धा १९१७ साली, युद्ध अर्धं संपल्यावर सुरू झाला. देशावरची कोरडवाहू शेती, कोकणातली खोती, धाकट्या मुलाला जमिनीचा तुकडाही नाही. मुंबईची गिरणी किंवा पलटण, यांतून निवड. १९१७नंतर भरतीचे कोटे प्रांतांना वाटून दिले गेले आणि ते तहसीलदार, पाटील, संस्थानिक यांच्यामार्फत खाली झिरपले. पंजाबात या कोट्यांची जबरदस्ती इतकी वाढली, की १९१९च्या असंतोषामागचं ते एक कारण ठरलं. आणि कुटच्या पराभवानंतर मेसोपोटेमियात हमाल कमी पडले तेव्हा हिंदुस्थानातल्या तुरुंगांकडे वळण्यात आलं. कैद्यांच्या हमाल आणि मजूर तुकड्या बनवून बसऱ्याला पाठवल्या गेल्या. नाव दिलं तर शिक्षेत सूट. तेही कागदोपत्री स्वयंसेवकच. राधिका सिंघा यांचं 'द कूलीज ग्रेट वॉर' हे २०२० सालचं पुस्तक या मंडळींवर आहे आणि माझ्या मते या विषयावर अलीकडे आलेल्या पुस्तकांत सर्वांत महत्त्वाचं तेच, कारण त्यात रायफल नसलेली माणसं पहिल्यांदा माणसं म्हणून मोजली जातात. वाचायला सोपं नाही. तळटिपांच्या जंगलातून वाट काढावी लागते.

पण सक्ती हा एकच शब्द घेऊन बसलो तर दुसरी चूक होईल. याच काळात महाराष्ट्रात काही लोक सैन्यात घ्या म्हणून अर्ज करत होते. लढाऊ जमातींच्या सिद्धान्ताखाली महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली होती. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध १८९४ साली अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१०मध्ये पुन्हा मागणी लावून धरली. १९१७मध्ये माणसं कमी पडायला लागल्यावर सरकारला सिद्धान्त बाजूला ठेवणं परवडलं आणि १११वी महार पलटण उभी राहिली. १९२१ला गरज संपली, पलटण मोडली. मग थेट १९४१मध्ये, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर, महार रेजिमेंट. वलंगकर किंवा कांबळे यांच्या मागणीला दारिद्र्यातून आलेली असहायता म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. पलटणीत शाळा होती, पगार होता, गावकीच्या हुकमाबाहेरचं जगणं होतं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे आपण चरित्रातलं पहिलं वाक्य म्हणून वाचतो आणि विसरतो. एकाच दाराने कुणी ढकलला जात होता आणि कुणी आत येण्यासाठी ते ठोठावत होता. साम्राज्याने दोघांनाही एकाच रकान्यात टाकलं: स्वयंसेवक.

राजकीय पुढाऱ्यांचंही काही वेगळं नव्हतं. जून १९१८मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक भरतीला स्वराज्याची अट जोडू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना मध्येच थांबवलं आणि टिळक सभा सोडून निघाले. गांधीजी त्याच उन्हाळ्यात खेड्यात भरतीसाठी गावोगाव फिरत होते आणि लोक फारसे दाद देत नव्हते. टिळकांनी गांधीजींना ५०,००० रुपयांचा चेक पाठवला होता, की हिंदी लोकांना अधिकारीपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, महाराष्ट्रातून पाच हजार माणसं मी देतो. गांधीजींनी चेक परत केला. दोघांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण या वाटाघाटीत पाच हजार हा आकडा कसा बोलला गेला ते बघा. त्या पाच हजारांपैकी कुणाला विचारलं गेलं होतं?

आता बंगालकडे वळतो, कारण पूना डिव्हिजनवरची सर्वांत चांगली पुस्तकं बंगालीत आहेत, आणि ही गोष्ट मराठी माणसाने जरा वाईट वाटून घेण्यासारखी आहे. पहिलं 'कल्याण-प्रदीप', १९२८ सालचं. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे या फौजेतले डॉक्टर, कुटमध्ये कैद झाले, रास-अल-ऐनच्या छावणीत १९१७ साली तापाने गेले. त्यांचं चरित्र लिहिलं त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, वयाच्या ऐंशीच्या आसपास. नातवाची पत्रं त्यात आहेत. सुरुवातीला उत्साहाने लिहिणारा मुलगा जखमींचे ढीग बघता बघता देशाभिमान नावाच्या गोष्टीवरच संशय घेऊ लागतो, इंग्रजांच्याच काय, कुणाच्याही. आणि हे जपून ठेवते एक म्हातारी बाई, जिने रणभूमी कधी बघितलेली नाही.

दुसरं शिशिर सर्वाधिकारी यांचं 'अभि ले बगदाद'. हे बेंगॉल अँब्युलन्स कोअरमधले साधे सैनिक. खरे स्वयंसेवक, शिकलेले, हौसेने गेलेले. टेसिफॉन, कुट, मग वाळवंटातली पायपीट, रास-अल-ऐन, आलेप्पो. रोजनिशीची पानं फाडून बुटांत लपवून त्यांनी टिकवली आणि पुस्तक आलं ते चाळीस वर्षांनी, १९५०च्या दशकाअखेर. बंगालबाहेर ते पोचलं अमिताव घोष आणि शंतनू दास यांच्या लिखाणामुळे. सर्वाधिकारींची नजर खालून बघणारी आहे. वाटेत त्यांना आर्मेनियन लोकांची रिकामी घरं दिसतात, कत्तलीच्या खुणा दिसतात, कैदेतही गोऱ्या आणि हिंदी कैद्यांत होणारा फरक दिसतो, आणि ज्यांना शत्रू म्हणायचं त्या तुर्की शिपायांतली गरिबीही दिसते. टाउनशेंड त्या वेळी कुठे होते? इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, नोकरचाकरांसह. १९१६ सालातच त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांच्याबरोबर शरण आलेल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून जास्त कैदेत मेले, हिंदी शिपाई आणि नोकरचाकर हजारोंनी मेले, कितीतरी रेल्वेचे रूळ टाकताना. या दोन पुस्तकांचा विषय एकच डिव्हिजन आहे यावर विश्वास बसत नाही.

मग मराठीचं काय? तीन पलटणी आपल्या, आणि लेखक बंगाली, हे कसं? उत्तर साधं आहे आणि ते अस्वस्थ करणारं आहे. बंगालहून गेले ते डॉक्टर आणि कॉलेजची पोरं. महाराष्ट्रातून गेले ते शेतकरी. ज्याला लिहिता येत होतं त्याला पलटणीत घेत नव्हते किंवा तो जात नव्हता, जो गेला तो पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेत होता, आणि ते पत्र सेन्सॉर वाचत होता. मराठीत कॅप्टन गो. गं. लिमये यांच्या 'सैन्यातील आठवणी' आहेत, त्याही डॉक्टरच्याच. नर्मविनोदी, मोकळ्या, आवर्जून वाचाव्यात अशा. पण पुन्हा, अधिकाऱ्याच्या. आपल्याकडे 'रणांगण' नावाची सर्वांत गाजलेली कादंबरी विश्राम बेडेकरांची, १९३९ची, आणि ती घडते एका बोटीवर. कादंबरी थोरच आहे. पण पांढरपेशा मराठी साहित्याने युद्ध पाहिलं ते डेकवरून, हे तिच्या नावावरून तरी म्हणता येतं.

ही पोकळी रिकामी राहिली नाही, हा खरा मुद्दा. ती पराक्रमाने भरली. मराठ्यांना दुय्यम ठरवणारा लढाऊ जमातींचा सिद्धान्त मेसोपोटेमियानंतर इंग्रजांना गुंडाळावा लागला. ११७व्या पलटणीला 'रॉयल' हा किताब मिळाला. १९ नोव्हेंबर १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाची पायाभरणी झाली आणि त्याच प्रसंगाला महायुद्धात पडलेल्या मराठा शिपायांच्या स्मारकाचाही दगड बसला. शाहू महाराज या सगळ्यात पुढे होते, ब्राह्मणेतर समाजाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचं त्यांचं गणित त्यात होतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट कायमची ठरून गेली. टायग्रिसच्या काठी हिरड्या सुजून मेलेला माणूस मावळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तिथे तो भुकेला असू शकत नाही, घाबरलेला असू शकत नाही, घरी जायचंय असं म्हणू शकत नाही. आजही मराठा लाइट इन्फंट्रीबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक याच सुरात. यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या कथा मला मनापासून आवडतात. पण कुटच्या शिपायाने पदक मिळेल असं काही केलंच नाही, त्याला फक्त भूक लागली होती, म्हणून त्याच्यासाठी आपल्याकडे वाक्यच नाही.

इंग्रजांचं स्मारक आणखी वेगळ्या तऱ्हेने बोलतं. बसऱ्याच्या वॉर मेमोरियलवर अधिकारी, गोरे आणि हिंदी दोन्ही, नावाने कोरले गेले. साधे हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली एक आकडा म्हणून. अमुक पलटण, इतके इतर. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या २०२१च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला गेला. टाउनशेंडच्या पुस्तकाचं व्याकरण दगडात उतरवलं तर हेच दिसेल. आता या कमिशनचा डेटाबेस ऑनलाइन आहे, मोबाइलवर उघडतो. पलटणीच्या नावाने शोधलं तर शंभर वर्षं आकडा असलेल्यांची नावं दिसतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. स्पेलिंग इतकं गचाळ, की गाव ओळखायला दोन-तीनदा मोठ्याने वाचावं लागतं. मराठी कान असलेल्यालाच ते कळतं, आणि हे काम दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही. हार्बर लाइनने जाताना मशीद स्टेशन लागतं, तिथे जवळच जुन्या इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे. रोज लाखभर लोक बाजूने जातात.

पामबीच रोडला पहाटे गेलं तर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. पोलीस, आर्मी, जे निघेल ते. चार वर्षांचं अग्निवीर असलं तरी चालेल म्हणतात. ती स्वखुशीने धावतायत का, असं त्यांना विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं तर हो म्हणतील, आणि ते खोटंही नसेल.

सातारा, रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली असते. सरकारने पहिल्या महायुद्धानंतर बसवलेली. मजकूर सगळीकडे जवळपास सारखा: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही, दोन आकडे आणि दोन क्रियापदं. गेली. दिले. दोन्ही क्रियापदांचा कर्ता शिपाईच, त्याला पाठवणारं किंवा त्याचा जीव घेणारं वाक्यात कुणीच नाही. या डिव्हिजनवर लिहिलेल्या सगळ्या इंग्रजी पुस्तकांचा सारांश मला या पाटीत सापडतो. आणि तरीही, त्या माणसांबद्दल त्यांच्याच गावात लिहिलेली ही बहुतेक एकमेव ओळ आहे, त्यामुळे ती पुसली जाऊ नये असंही वाटतं. पुष्कळ ठिकाणी पाटीवर ऑइलपेंटचे थर चढलेत. मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरला की खाचांत सावली पडते आणि आकडा वाचता येतो. आधी पहिला वाचायचा, मग दुसरा.